विधेयक मंजूर झालं, मग कायदा का नाही झाला? दोन सभागृहांच्या कारभाराची गोष्ट

डिसेंबर २०१७मध्ये भारताच्या लोकसभेनं तिहेरी तलाकबंदीचं विधेयक मंजूर केलं. बातम्यांच्या पट्ट्या फिरल्या, चर्चा झडल्या, आणि कायदा झालाच असं अनेकांनी गृहीत धरलं. प्रत्यक्षात कायदा व्हायला जुलै २०१९ उजाडला. मधल्या काळात विधेयक राज्यसभेत अडकलं, सरकारनं वटहुकूम काढला, नवं विधेयक आणलं, तेही लोकसभेनं मंजूर केलं. मग २०१९च्या निवडणुकीसाठी लोकसभा विसर्जित झाली आणि राज्यसभेत पडून असलेलं ते विधेयक नियमानुसार आपोआप रद्द झालं. नव्या लोकसभेला पुन्हा श्रीगणेशा करावा लागला.

विधेयक बरं की वाईट, हा इथला विषय नाही. एका सभागृहात भक्कम बहुमत असलेल्या सरकारला दुसरं सभागृह दीड वर्ष कसं रोखू शकतं? त्याला तो अधिकार दिला कुणी? आणि रोखायचंच असेल तर कायमचं का रोखत नाही? हे प्रश्न जगातल्या सुमारे ऐंशी देशांतल्या मतदारांना पडू शकतात, कारण तेवढ्या देशांची संसद द्विगृही आहे, म्हणजे तिथे कायदे करणारी सभागृहं दोन आहेत. जे सभागृह सर्वसाधारणपणे थेट मतदानातून येतं आणि ज्याच्या बहुमतावर बहुतेक ठिकाणी सरकार टिकतं, त्याला कनिष्ठ सभागृह म्हणतात. दुसरं ते वरिष्ठ. नावावरून अधिकारांचा अंदाज बांधू नका, बऱ्याच देशांत कनिष्ठाचंच चालतं.

दोन सभागृहं आली कुठून?

शाळेतल्या पुस्तकात उत्तर असतं की घाईनं कायदे होऊ नयेत म्हणून. हे कारण खोटं नाही, पण बऱ्याच अंशी ते नंतर सुचलेलं आहे. सुरुवात वेगळीच होती.

इंग्लंडमध्ये चौदाव्या शतकात सरदार आणि धर्मगुरू एकीकडे बसू लागले आणि परगण्यांचे व शहरांचे प्रतिनिधी दुसरीकडे. कुणी आराखडा काढून हे केलं नव्हतं. समाज जसा दर्जानुसार विभागलेला होता, तशीच संसदही विभागली गेली. त्यातून हाउस ऑफ लॉर्ड्स आणि हाउस ऑफ कॉमन्स तयार झाली.

अमेरिकेत मात्र सौदा झाला. १७८७च्या उन्हाळ्यात फिलाडेल्फियात राज्यघटना लिहायला जमलेल्या प्रतिनिधींमध्ये जुंपली ती जागावाटपावरून. मोठी राज्यं म्हणत होती, लोकसंख्येप्रमाणे जागा द्या. छोट्यांना भीती, की मग आपल्याला विचारणार कोण? १६ जुलैला अवघ्या एका राज्याच्या मताधिक्यानं तोडगा मंजूर झाला: एका सभागृहात लोकसंख्येप्रमाणे जागा, दुसऱ्यात प्रत्येक राज्याला सारख्या. तो तोडगा आजही लागू आहे. २०२०च्या जनगणनेनुसार कॅलिफोर्नियाची लोकसंख्या जवळपास चार कोटी आणि वायोमिंगची सहा लाखांहून कमी, पण सिनेटमध्ये दोघांचेही दोन-दोनच सदस्य.

आज ज्या देशांत राज्यांना घटनेनंच स्वतंत्र अधिकार आहेत, अशा बहुतेक संघराज्यांत दोन सभागृहं आढळतात ती याच कारणानं. राज्यांनी केंद्राच्या हाती अधिकार सोपवताना मागून घेतलेली ती हमी आहे. मात्र प्रत्येक ठिकाणी हिस्सा सारखा नसतो. भारताच्या राज्यसभेत उत्तर प्रदेशाला ३१ जागा आहेत, महाराष्ट्राला १९ आणि सिक्कीमला १. इथे घटनाकारांनी अमेरिकेची वाट धरली नाही.

तिथे बसतं कोण?

दुसऱ्या सभागृहाचा स्वभाव कळायला दोन गोष्टी पाहाव्या लागतात. त्यातली पहिली ही: सदस्य येतात कसे.

काही नेमले जातात. कॅनडाचे सिनेटर पंतप्रधानांच्या शिफारशीवरून नेमले जातात आणि वयाच्या ७५व्या वर्षापर्यंत राहतात. ब्रिटनच्या लॉर्ड्समध्ये शतकानुशतकं वडिलांची जागा मुलगा चालवत होता. १९९९च्या कायद्यानं ९२ सोडून बाकीच्या वंशपरंपरागत सदस्यांचा बसण्याचा हक्क काढला, आणि तेव्हापासून तिथे मुख्यतः तहहयात नेमलेले लोक आहेत.

काही थेट मतदानातून येतात. अमेरिकी सिनेटर पूर्वी राज्यांची विधिमंडळं निवडत असत, १९१३च्या घटनादुरुस्तीनंतर लोक निवडू लागले. ऑस्ट्रेलिया, इटली आणि जपान इथेही लोकच मत देतात.

तिसरा मार्ग आडून येतो. लोकांनी निवडलेले प्रतिनिधी पुढचे प्रतिनिधी निवडतात. राज्यसभेचे सदस्य आमदार निवडतात, आणि प्रत्येक पक्षाला साधारण ताकदीप्रमाणे वाटा मिळेल अशा पद्धतीनं. शिवाय राष्ट्रपती १२ जण नेमतात. फ्रान्सच्या सिनेटचे मतदार मुख्यतः स्थानिक स्वराज्य संस्थांचे प्रतिनिधी असतात.

चौथा प्रकार जर्मनीचा, आणि मला तो सगळ्यांत मजेशीर वाटतो. तिथल्या बुंडेसराटमध्ये निवडून आलेले किंवा नेमलेले खासदार नसतातच. राज्य सरकारं स्वतः येऊन बसतात, म्हणजे मुख्यमंत्री आणि मंत्री. प्रत्येक राज्याला लोकसंख्येनुसार तीन ते सहा मतं, एकूण ६९, आणि राज्याची सगळी मतं एकाच बाजूला पडली पाहिजेत. २२ मार्च २००२ला स्थलांतराविषयीच्या विधेयकावर मतदान होतं. मंजुरीला ३५ मतं हवी होती आणि ब्रांडेनबुर्ग राज्याची चार मिळाली तरच तो आकडा गाठला जाणार होता. त्या राज्यात दोन पक्षांचं आघाडी सरकार. एक मंत्री म्हणाला ‘होय’, दुसरा म्हणाला ‘नाही’. पुन्हा विचारल्यावर मुख्यमंत्री म्हणाले ‘होय’. सभापतींनी चारही मतं ‘होय’ धरली आणि सभागृहात एकच गदारोळ झाला. डिसेंबरमध्ये घटनात्मक न्यायालयानं निकाल दिला: मतं एकसंध पडली नाहीत, म्हणून कायदा झालाच नाही.

सदस्य येण्याच्या पद्धतीला जोडूनच मुदतीची गोष्ट येते. राज्यसभेचे आणि अमेरिकी सिनेटचे सदस्य सहा वर्षांसाठी असतात आणि दर दोन वर्षांनी त्यांतले एक तृतीयांश बदलतात. त्यामुळे अख्खं सभागृह एकाच लाटेवर स्वार होऊन येत नाही. एखादा पक्ष कनिष्ठ सभागृहात जोरदार बहुमतानं आला तरी वरिष्ठ सभागृहात आधीच्या दोन निवडणुकांचा हिशोब अजून शिल्लक असतो. सुरुवातीला सांगितलेली दीड वर्षाची कोंडी झाली ती यातूनच. सरकारकडे लोकसभेत बहुमत होतं, राज्यसभेत नव्हतं.

सुरळीत चालतं तेव्हा

मतभेद नसतील तर सगळं साधं आहे. विधेयक एका सभागृहात मांडलं जातं, समितीकडे जातं, चर्चा होते, मंजूर होतं. मग दुसऱ्या सभागृहात तोच प्रवास. शेवटी राष्ट्रप्रमुखांची सही. अट एकच: दोन्हीकडे मंजूर झालेला मसुदा शब्दशः सारखा असला पाहिजे. दुसऱ्या सभागृहानं एक कलम बदललं तरी विधेयक पहिल्याकडे परत येतं.

वस्तू आणि सेवा कराची घटनादुरुस्ती हे याचं चांगलं उदाहरण. लोकसभेनं ती मे २०१५मध्ये मंजूर केली. राज्यसभेनं प्रवर समितीकडे पाठवली, वाटाघाटी झाल्या, आंतरराज्य व्यापारावरचा प्रस्तावित एक टक्का जादा कर वगळला गेला आणि ऑगस्ट २०१६मध्ये बदललेला मसुदा मंजूर झाला. तो पुन्हा लोकसभेत गेला आणि तिनं बदल स्वीकारले. दुसऱ्या सभागृहाचं बरंचसं उपयोगी काम असं असतं. ठळक मथळा होत नाही, कारण त्यात कुणी हरत नाही.

आणि बिनसलं तर?

दुसरी पाहायची गोष्ट ही, आणि माझ्या मते खरी मेख इथेच आहे. भांडण झाल्यावर शेवटचा शब्द कुणाचा?

बँकेतलं संयुक्त खातं डोळ्यांपुढे आणा. काही खात्यांवर दोघांचीही सही लागते, एकानं नाही म्हटलं की पैसे निघत नाहीत. काही खात्यांवर एकाची सही पुरते, दुसऱ्याला फक्त कळवायचं असतं. जगातली वरिष्ठ सभागृहं या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी बसतात.

एका टोकाला अमेरिका आणि इटली. दोन्ही सह्या हव्यातच. अमेरिकेत मतभेद मिटवायला दोन्हीकडच्या सदस्यांची समिती बसू शकते, पण तोडगा निघाला नाही तर विधेयक मेलं. त्याला वळसा घालायची सोय नाही.

दुसऱ्या टोकाजवळ ब्रिटन. १९११ आणि १९४९च्या कायद्यांनंतर लॉर्ड्सना बहुतेक विधेयकं साधारण वर्षभर रोखता येतात. पुढच्या अधिवेशनात कॉमन्सनं तेच विधेयक पुन्हा मंजूर केलं की लॉर्ड्सना डावलून कायदा होतो. कुत्र्यांच्या मदतीनं कोल्ह्यांची शिकार करण्यावर बंदी घालणारा २००४चा कायदा असाच झाला. मात्र हे हत्यार क्वचितच बाहेर काढलं जातं. ते आहे एवढं माहीत असणं बहुतेक वेळा पुरतं.

मधल्या वाटा अनेक. जर्मनीत दोन्ही सभागृहांचे १६-१६ सदस्य मध्यस्थी समितीत बसून मसुदा जुळवतात. राज्यांच्या कारभाराला हात लावणारं विधेयक असेल तर बुंडेसराटचा नकार अंतिम, इतर विधेयकांवरचा नकार कनिष्ठ सभागृह मतदानानं मोडू शकतं. जपानमध्ये कनिष्ठ सभागृहानं दोन तृतीयांश मतांनी पुन्हा मंजुरी दिली की वरिष्ठाचा नकार निकालात निघतो. २००७मध्ये विरोधकांनी वरिष्ठ सभागृह ताब्यात घेतलं, आणि पुढच्या जानेवारीत सरकारनं अर्धशतकाहून अधिक काळानंतर पहिल्यांदा ही तरतूद वापरली. फ्रान्समध्ये विधेयक दोन सभागृहांत ये-जा करत राहतं, मग सात-सात सदस्यांची समिती बसते, आणि तरीही जमलं नाही तर सरकार कनिष्ठ सभागृहाला अंतिम निर्णय द्यायला सांगू शकतं.

ऑस्ट्रेलियाची तरतूद सर्वांत धाडसी आहे. ठरावीक अंतरानं सिनेटनं दोनदा अडवलं, तर दोन्ही सभागृहं एकदम विसर्जित करून सगळ्यांनाच मतदारांसमोर उभं करता येतं. १९१४ ते २०१६ या काळात असं सात वेळा झालं. निवडणुकीनंतरही भांडण सुटलं नाही तर संयुक्त बैठक. तशी वेळ एकदाच आली, १९७४मध्ये.

भारतातही संयुक्त बैठकीची सोय आहे. एका सभागृहानं विधेयक फेटाळलं, दुरुस्त्यांवर एकमत झालं नाही किंवा सहा महिने निर्णयच घेतला नाही, तर राष्ट्रपती दोघांना एकत्र बोलावू शकतात. लोकसभेच्या ५४३ जागा आणि राज्यसभेच्या २४५, म्हणजे एकत्र मोजल्यावर पारडं कुठे झुकणार हे उघड आहे. तरीही कायद्यासाठी अशी बैठक आजवर तीनदाच झाली: १९६१मध्ये हुंडाबंदी, १९७८मध्ये बँक सेवा आयोगाचा कायदा रद्द करण्यासाठी आणि २००२मध्ये दहशतवादविरोधी कायदा. घटनादुरुस्तीला मात्र ही वाट बंद आहे. तिथे राज्यसभेची सही लागतेच.

पैशाच्या बाबतीत नियम वेगळे का?

पगार, पेन्शन, सैन्याचा खर्च थांबला तर देश थांबतो. म्हणून बहुतेक देशांत पैशाच्या विधेयकांवर वरिष्ठ सभागृहाचे हात बांधलेले असतात. हा धडा ब्रिटननं भांडून मिळवला. १९०९मध्ये अर्थमंत्री लॉइड जॉर्ज यांनी जमीनदार आणि श्रीमंतांवर जादा कर लावणारा अर्थसंकल्प मांडला. लॉर्ड्समध्ये जमीनदारच बसलेले. त्यांनी तो फेटाळला. १९१०मध्ये दोनदा सार्वत्रिक निवडणुका झाल्या. सरकार नवे लॉर्ड घाऊक प्रमाणात नेमून बहुमत उलटवेल, आणि राजाची त्याला तयारी आहे, असं दिसल्यावर १९११मध्ये लॉर्ड्सनी स्वतःच्याच अधिकारांना कात्री लावणारा कायदा मंजूर केला. तेव्हापासून पैशाचं विधेयक ते महिनाभरच ठेवून घेऊ शकतात. भारतात राज्यसभेला अशा विधेयकासाठी १४ दिवस मिळतात. सूचना करता येतात, त्या मानायच्या की नाही हे लोकसभा ठरवते.

याला धन विधेयक म्हणतात, आणि एखादं विधेयक धन विधेयक आहे की नाही हे ठरवतात लोकसभेचे अध्यक्ष. नियम इतका सोपा असला की पळवाटेचा मोह होणारच. २०१६मध्ये आधारचा कायदा धन विधेयक म्हणून मंजूर झाला. ओळख क्रमांकाच्या कायद्याला हा शिक्का लागतो का, यावरून वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. २०१८मध्ये बहुमतानं न्यायालयानं ते ग्राह्य धरलं, तर न्यायमूर्ती चंद्रचूड यांनी विरोधी निकालपत्रात ती घटनेची फसवणूक असल्याचं म्हटलं. त्यांचं मत अल्पमतात गेलं, पण प्रश्न मला अगदी रास्त वाटतो: ज्या शिक्क्यानं एक सभागृह निष्प्रभ होतं, तो मारायचा अधिकार दुसऱ्या सभागृहाच्या अध्यक्षांकडे असणं कितपत बरोबर?

उलट टोकाचं उदाहरण ऑस्ट्रेलियाचं. तिथल्या सिनेटला पैसा अडवता येतो. ऑक्टोबर १९७५मध्ये विरोधकांच्या ताब्यातल्या सिनेटनं सरकारच्या खर्चाची विधेयकं लटकवली. पंतप्रधान गॉफ व्हिटलम हटेनात, सिनेटही हटेना. ११ नोव्हेंबरला गव्हर्नर जनरल, म्हणजे राणीचे तिथले प्रतिनिधी, जॉन कर यांनी पंतप्रधानांनाच बडतर्फ केलं आणि विरोधी पक्षनेते माल्कम फ्रेझर यांना काळजीवाहू पंतप्रधान नेमलं. डिसेंबरच्या निवडणुकीत फ्रेझर मोठ्या बहुमतानं जिंकले. तरीही त्या दिवसावरून ऑस्ट्रेलियात आजही दोन तट पडतात. सरकार कनिष्ठ सभागृहाला जबाबदार, पण त्याचा खर्च मंजूर करणार दोन्ही सभागृहं. ही फट घटनेतच होती.

इटलीत ही फट आणखी रुंद आहे. तिथे सरकारला दोन्ही सभागृहांचा विश्वास लागतो. जानेवारी २००८मध्ये रोमानो प्रोदी यांचं सरकार एका सभागृहात विश्वासमत जिंकलं, दुसऱ्या दिवशी सिनेटमध्ये हरलं आणि गेलं.

‘लोकांच्या सरकारला यांनी का अडवावं?’

हा सगळ्यांत जुना आक्षेप. फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळातल्या आबे सिएस यांच्या नावावर तो सांगितला जातो: दुसरं सभागृह पहिल्याशी सहमत असेल तर ते निरर्थक, असहमत असेल तर उपद्रवी. ऐकायला बिनतोड वाटतं. पण सहमती आणि असहमती यांच्यामध्ये ‘हे कलम बदला, मग हरकत नाही’ नावाची मोठी जागा आहे, आणि बहुतेक विधेयकं तिथेच घडतात. सिएस यांचं गणित ती जागाच मोजत नाही.

न निवडलेल्यांनी अडवणं खटकतं हे मात्र खरंच. ब्रिटननं त्यावर संकेताचा उपाय काढला. १९४५मध्ये मजूर पक्ष प्रचंड बहुमतानं आला आणि लॉर्ड्समध्ये वर्चस्व हुजूर पक्षाचं. तेव्हा ठरलं, की सरकारनं निवडणूक जाहीरनाम्यात सांगितलेलं विधेयक लॉर्ड्स मुळातून फेटाळणार नाहीत. आजही ते लॉर्ड सॉल्झबरी यांच्या नावानं ओळखल्या जाणाऱ्या या संकेताला धरून चालतात. आपल्याला कुणी निवडलेलं नाही याची जाणीव असली की हात आखडता राहतो. उलट थेट निवडून आलेलं वरिष्ठ सभागृह बेधडक असतं, कारण ‘आम्हालाही मतं मिळालीत’ हे उत्तर त्याच्याकडे तयार असतं. म्हणून ‘सगळ्यांना निवडूनच आणा’ हा उपाय दिसतो तितका साधा नाही. त्यानं वैधता वाढते आणि त्याबरोबर कोंडीही वाढते.

अडवल्यावर पुढे होतं काय, हेही पाहू. सप्टेंबर १९७०मध्ये माजी संस्थानिकांचे तनखे बंद करणारी घटनादुरुस्ती लोकसभेनं मंजूर केली. राज्यसभेत बाजूनं १४९ मतं पडली, विरोधात ७५. दोन तृतीयांश म्हणजे १४९.३३. एका मताच्या तिसऱ्या हिश्श्यानं दुरुस्ती पडली! सरकारनं मग राष्ट्रपतींच्या आदेशानं संस्थानिकांची मान्यता काढून घेतली, सर्वोच्च न्यायालयानं तो आदेश रद्द केला. इंदिरा गांधी १९७१च्या निवडणुकीत मोठं बहुमत घेऊन परतल्या आणि त्याच वर्षी २६वी घटनादुरुस्ती होऊन तनखे गेले. पंचायत राज व्यवस्थेच्या ६४व्या घटनादुरुस्तीचं विधेयकही १९८९मध्ये राज्यसभेत पडलं, आणि तोच विषय १९९२मध्ये ७३व्या घटनादुरुस्तीच्या रूपानं मार्गी लागला. दोन्ही वेळा जे थांबलं ते पुढे झालंच. वरिष्ठ सभागृह बहुधा लांबवतं, आणि लांबलेल्या काळात निवडणूक किंवा वाटाघाट होऊन जाते.

‘हरलेल्यांची सोय आहे ही’

हा आक्षेप भारतात विशेषतः विधान परिषदांवर घेतला जातो, आणि त्यात तथ्य नाही असं म्हणता येणार नाही. सहा राज्यांत विधान परिषद आहे: उत्तर प्रदेश, बिहार, महाराष्ट्र, कर्नाटक, आंध्र प्रदेश आणि तेलंगणा. सदस्य येतात पाच वाटांनी: एक तृतीयांश स्थानिक स्वराज्य संस्थांकडून, एक तृतीयांश आमदारांकडून, एक द्वादशांश पदवीधरांकडून, तितकेच शिक्षकांकडून, आणि उरलेले राज्यपालनियुक्त. कल्पना अशी होती, की निवडणुकीच्या धकाधकीत न उतरणारे जाणकार यावेत. प्रत्यक्षात अनेकदा राजकीय पुनर्वसनच होतं.

पण याची दुसरी बाजू आहे. विधिमंडळाचा सदस्य नसलेल्या मंत्र्याला सहा महिन्यांत सदस्य व्हावं लागतं. मे २०२०मध्ये महाराष्ट्राचे तेव्हाचे मुख्यमंत्री उद्धव ठाकरे परिषदेवर बिनविरोध निवडून आले ते याच मुदतीच्या आत. केंद्रात मनमोहन सिंग दहाही वर्षं राज्यसभेचे सदस्य म्हणूनच पंतप्रधान होते. मागचा दरवाजा म्हणा किंवा रीतसर प्रवेश, घटनेनं तो उघडाच ठेवला आहे.

अधिकारांच्या बाबतीत मात्र परिषद दुबळी आहे. साधं विधेयक ती पहिल्या फेरीत तीन महिने रोखू शकते, विधानसभेनं पुन्हा मंजूर केलं तर आणखी एक महिना. त्यानंतर विधानसभेचंच खरं. संयुक्त बैठक नाहीच. आणि तिचं अस्तित्वही विधानसभेच्या मर्जीवर बरंचसं अवलंबून असतं: विधानसभेनं विशेष बहुमतानं ठराव केला की संसद साध्या कायद्यानं परिषद बरखास्त करू शकते किंवा नव्यानं उभारू शकते. आंध्र प्रदेशात १९८५मध्ये परिषद गेली, २००७मध्ये परत आली. जानेवारी २०२०मध्ये तिनं तीन राजधान्यांचं विधेयक प्रवर समितीकडे पाठवलं, आणि लगेच विधानसभेनं तिच्या बरखास्तीचा ठराव केला. पुढच्या वर्षी तो मागेही घेतला. इतक्या टांगत्या तलवारीखाली कुणी सरकारला खडे बोल सुनावेल, ही अपेक्षा जरा जास्तच आहे.

मग एकच सभागृह नको का?

जगातल्या निम्म्याहून अधिक देशांची संसद एकगृही आहे आणि ती नीट चालते. डेन्मार्कनं १९५३मध्ये दुसरं सभागृह बंद केलं, स्वीडननं १९७०च्या सुमारास. अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्याचं विधिमंडळ १९३७पासून एकगृही आहे. नॉर्वेनं तर गंमत केली होती. निवडून एकच सभागृह यायचं, मग ते स्वतःचे दोन भाग पाडून कायद्यांवर दोनदा विचार करायचं. २००९मध्ये ते नाटकही संपलं.

न्यूझीलंडची कथा ऐकण्यासारखी आहे. तिथलं वरिष्ठ सभागृह नेमणुकांचं. १९५०मध्ये सरकारनं तिथे अशी माणसं नेमली ज्यांचं काम एकच: स्वतःचं सभागृह बंद करायला मत देणं. लोकांनी त्यांना ‘आत्मघातकी पथक’ म्हटलं. पथकानं काम चोख केलं. पुढे मात्र एकाच सभागृहातल्या बहुमताला लगाम राहिला नाही अशी ओरड वाढली, आणि १९९६पासून न्यूझीलंडनं मतांच्या प्रमाणात जागा देणारी निवडणूक पद्धत आणली. तेव्हापासून एकाच पक्षाला निर्विवाद बहुमत मिळणं दुर्मीळ झालं. लगाम दुसऱ्या सभागृहाऐवजी आघाडीतल्या मित्रपक्षांच्या हाती गेला.

म्हणजे एकगृही देशांतही पुनर्विचाराची जागा कुठेतरी असतेच: बळकट समित्यांत, न्यायालयात, आघाडीत किंवा राज्यघटनेत. त्यांपैकी काहीच नसेल तर दुसरं सभागृह बंद करणं धोक्याचं. काही लोकांना हे आधीच वाटतं. आयर्लंडमध्ये २०१३मध्ये सिनेट बंद करण्यावर सार्वमत झालं आणि मतदारांनी थोडक्यात का होईना, नकार दिला. पेरूनं १९९३च्या घटनेत सिनेट काढून टाकलं होतं. २०१८च्या सार्वमतात लोकांनी ते परत आणायला नाही म्हटलं, आणि तरी २०२४मध्ये तिथल्या काँग्रेसनं घटनादुरुस्ती करून ६० सदस्यांचं सिनेट पुन्हा आणलंच.

सुधारणा का होत नाहीत?

कारण ज्याचे अधिकार कापायचे, त्याचीही संमती बहुतेक ठिकाणी लागते. ती नाही मिळाली तर सार्वमत, आणि सार्वमतात लोक सभागृहाबरोबर नेत्याचाही हिशोब करतात. फ्रान्सचे अध्यक्ष द गॉल यांनी एप्रिल १९६९मध्ये सिनेटची रचना बदलण्याचा आणि प्रादेशिक फेरबदलांचा प्रस्ताव लोकांपुढे ठेवला, हरलो तर जाईन असं सांगितलं, हरले आणि दुसऱ्याच दिवशी गेले. इटलीत मातेओ रेन्झी यांनी सिनेटचे अधिकार कमी करायचं ठरवलं. सिनेटनं ते मान्यही केलं होतं, पण डिसेंबर २०१६च्या सार्वमतात सुमारे ५९ टक्के लोकांनी विरोधात मत दिलं आणि रेन्झींनी पंतप्रधानपद सोडलं.

चार वर्षांनी इटलीत पुन्हा सार्वमत झालं. या वेळी प्रश्न सोपा होता: खासदार कमी करायचे का? लोक मोठ्या संख्येनं ‘हो’ म्हणाले. कनिष्ठ सभागृह ६३० वरून ४००वर आलं, सिनेटच्या निवडून येणाऱ्या जागा ३१५ वरून २००वर. कोणत्या सभागृहाला किती अधिकार, हे त्यात कुणी विचारलंच नव्हतं, त्यामुळे इटलीत विधेयकाला आणि सरकारला अजूनही दोन्ही सभागृहांचा होकार लागतो.